खर्ड्याचा विजय आणि पुण्याची रिकामी तिजोरी

खर्ड्याच्या लढाईचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. शाळेच्या पुस्तकांत तिच्याविषयीं दोन वाक्यें ठरलेलीं असतात. मराठ्यांचे सर्व मोठे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखालीं शेवटचे एकत्र जमले ते येथें, हें एक. आणि निजामाचा येथें पुरता मोड झाला, हें दुसरें. दोन्हीही खरीं आहेत. परंतु वर्गांत हा धडा शिकवितांना त्यांस तिसरें एक वाक्य जोडावें असें मला नेहमीं वाटत आलें आहे. तें असें कीं, ही लढाई मुळांत थकलेल्या बाकीच्या वसुलीसाठीं झाली, आणि ज्या बाकीसाठीं ती जिंकली ती बाकी पुरी वसूल कधींच झाली नाहीं. लढाईनंतर तीनच वर्षांनीं खुद्द पुण्यांत, शत्रूचे नव्हेत तर आपल्याच सरदाराचे शिपाई सावकारांच्या वाड्यांत शिरून पैशासाठीं प्रतिष्ठित गृहस्थांस फटके मारीत होते. जिंकलेल्या राज्यावर हा प्रसंग कां यावा, याचा विचार आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

खर्डा हें गांव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांत आहे. निजामाच्या पदरचे निंबाळकर सरदार येथें नांदत असत. अठराव्या शतकांत त्यांनीं बांधलेला भुईकोट किल्ला अजून उभा आहे. किल्ला आटोपशीर आहे. एका सरदाराच्या कुटुंबाला व शिबंदीला तो पुरेसा, पण लाखाच्या लष्कराला आसरा देण्यासाठीं तो बांधलेलाच नव्हता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें सारा निकाल तिच्यावरच लागला.

आतां ही बाकी कसली, तें पाहूं. इ. स. १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथ पेशवे यांनीं दिल्लीच्या बादशहाकडून दक्षिणेंतील सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे त्याव्यतिरिक्त शेंकडा दहा. या सुभ्यांचा कारभार पुढें निजामाच्या हातीं गेला. म्हणजे जो वसूल निजामाचे अंमलदार गोळा करीत, त्यांत सनदेनें मराठ्यांचा वांटा ठरलेला होता. हा वांटा हैदराबादच्या दरबारानें मनापासून कधींच मानला नाहीं. १७२८ सालीं पालखेडास थोरल्या बाजीरावांनीं निजामुल्मुल्कास कोंडलें, तेव्हां मुंगी-शेवगांवच्या तहानें त्यानें तो कबूल केला. पुढें १७६० सालीं उदगीरास आणि १७६३ सालीं राक्षसभुवनास असेच प्रसंग आले. हार झाली म्हणजे कबुली द्यावयाची आणि विजयी फौज घरीं परतली म्हणजे टाळाटाळ करावयाची, असा हा ठरलेला क्रम झाला होता.

आजच्या वर्तमानपत्रांत आर्थिक निर्बंध हा शब्द आपण वारंवार वाचतों. एका राष्ट्रानें दुसऱ्याचा व्यापार अडवावा, त्याचें येणें गोठवावें, त्याला नाणें व धान्य मिळूं देऊं नये, आणि तलवार न उपसतां त्याला नमवावें, असा या उपायाचा आशय असतो. निजामाचें पैसे न देणें हें याच जातीचें होतें. पुण्यास येणारा पैसा हैदराबादेस अडला म्हणजे पुण्याचे हात आपोआप बांधले जात. हें कसें, तें समजण्यासाठीं पेशव्यांच्या सरकारचा खर्च कसा चाले तें थोडें पाहिलें पाहिजे.

पेशव्यांची फौज बहुतांशीं शिलेदारांची व सरंजामदारांची. त्यांना दरमहा रोख पगार मोजून देण्याइतकें धन तिजोरींत पडून नसे. सरकार पुष्कळदां वरात देई. वरात म्हणजे अमुक महालाच्या वसुलांतून अमुक रक्कम या इसमास द्यावी, असा लेखी हुकूम. वरातदार ती घेऊन महालांत जाई, किंवा तिच्या जोरावर सावकाराकडून पैसा उचली. सावकार तो पैसा देई, कारण महालाचा वसूल आज ना उद्यां येणार असा त्याचा भरंवसा असे. म्हणजे वरात हा एक प्रकारें कागदी पैसाच होता. त्याच्यामागें सोनें-रुपें नव्हतें; त्याच्यामागें येणाऱ्या वसुलाची आशा आणि सरकारचा शब्द एवढेंच होतें. वसूल वेळेवर आला तर शब्द राही. वसूल अडला, किंवा एकाच महालावर त्याच्या ऐपतीपेक्षां अधिक वराता लिहिल्या गेल्या, तर वरातदार रिकाम्या हातानें परत येत आणि सरकारच्या दाराशीं धरणें धरून बसत. पगार थकला म्हणून शिपायांनीं आपल्याच सरदारास उपाशी कोंडून बसावें, हें त्या काळीं नवल नव्हतें.

नाण्याची स्थितीही सांगण्याजोगी आहे. त्या काळीं महाराष्ट्रांत एकच एक रुपया नव्हता. पुण्याकडे अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया चाले, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी चाले, निजामाच्या मुलखांत आणखी निराळे शिक्के. टांकसाळी बहुधा सरकारचा परवाना घेतलेले खासगी लोक चालवीत. कोणी चांदी कमी घाली, कोणी वजन चोरी. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळीं कर्नाटकाकडे अशा खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हां तिकडील खासगी टांकसाळी बंद करून धारवाडास एक मध्यवर्ती टांकसाळ घालण्याची पाळी सरकारवर आली. प्रत्येक मोठ्या व्यवहारांत सराफ बसे, नाणें वाजवून व तोलून पाही आणि त्यावर बट्टा ठरवी. अशा देशांत रुपयाची किंमत राजाच्या छापापेक्षां चांदीवर ठरे. ही एक प्रकारें सुरक्षितताच होती. पण सरकारच्या शब्दाला तसा सराफ नव्हता. तो खोटा निघाला म्हणजे किती बट्टा बसेल, हें कोणीच सांगूं शकत नव्हतें.

आतां प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळूं. नाना फडणीसांनीं हैदराबादकडील हिशोब काढविला, तेव्हां १७७४ सालापासूनची बाकी सुमारें दोन कोट साठ लक्ष रुपये निघाली. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हे हा हिशोब घेऊन निजाम अलीच्या दरबारीं तगादा करीत होते. निजामाचा दिवाण अजीमुल्उमरा, ज्यास मराठी कागदांत मशीरुल्मुल्क म्हणतात, हा मोठा महत्त्वाकांक्षी पुरुष. त्यानें उलट मागण्या पुढें केल्या आणि हिशोब समजावून देण्यास खुद्द नानांनींच हैदराबादेस यावें, न आले तर आणवूं, अशा अर्थाचें उद्धट उत्तर भर दरबारांत दिलें. हें धैर्य त्यास येण्यास कारणें होतीं. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं महादजी शिंदे पुण्यानजीक वानवडीस वारले होते. मराठमंडळाचा एक मोठा आधार गेला होता. शिवाय रेमंड नांवाच्या फ्रेंच सेनापतीनें निजामाची कवायती पायदळ फौज तयार केली होती, आणि इंग्रजही आपल्या बाजूनें उभे राहतील अशी त्याची कल्पना होती. ही शेवटली आशा फोल ठरली. गव्हर्नर-जनरल सर जॉन शोर यानें या भांडणांत पडण्याचें नाकारलें.

१७९५ च्या आरंभीं सवाई माधवराव पेशवे स्वतः पुण्याहून निघाले. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन, अशा सर्वांच्या फौजा मिळाल्या. ग्रँट डफनें मराठ्यांची एकंदर संख्या सुमारें एक लक्ष तीस हजार आणि निजामाची एक लक्ष दहा हजार दिली आहे. सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतें. मोहरीच्या घाटानें निजाम खालीं उतरला आणि ११ मार्च रोजीं लढाई जुंपली. परशुरामभाऊ स्वतः जखमी झाले. त्यांच्या घराण्यांतील विठ्ठलराव पटवर्धन पडले. भोसल्यांच्या बाणांच्या माऱ्यानें आणि शिंद्यांच्या तोफांनीं निजामाचे घोडेस्वार मागें हटले. तथापि रेमंडचें पायदळ शाबूत होतें आणि दोन्ही बाजूंचीं माणसें त्या मानानें थोडींच पडलीं होतीं. लढाई दुसरे दिवशीं पुढें चालली असती तर काय झालें असतें, सांगवत नाहीं. परंतु रात्रीं निजाम घाबरला. त्याच्याबरोबर जनाना होता. बेगमांच्या भयानें म्हणा कीं स्वतःच्या म्हणा, त्यानें रणभूमि सोडून खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. अंधारांत सैन्याची दाणादाण उडाली.

येथें त्या लहानशा किल्ल्याचें महत्त्व ध्यानांत येतें. मराठ्यांनीं किल्ल्यास व सभोंवतालच्या छावणीस वेढा घातला. आंत राजा, त्याचा परिवार, हजारों माणसें व जनावरें. बाहेर धान्याच्या, वैरणीच्या व पाण्याच्या वाटा बंद. मार्च महिन्यांतील बालाघाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस निराळें वर्णन नको. तोफांच्या गोळ्यांपेक्षां तहान अधिक परिणामकारक झाली, आणि थोड्याच दिवसांत निजामानें तहाचें बोलणें लावलें. वीस वर्षें पैसे अडवून ज्यानें पुण्यास जेरीस आणलें होतें, तो घोटभर पाणी अडतांच शरण आला.

तहाचीं कलमें मोठीं होतीं. दौलताबादच्या किल्ल्यासह परांड्यापासून तापीपर्यंतचा पट्टा, ज्याचें उत्पन्न सुमारें पसतीस लक्ष होतें, तो पेशव्यांस मिळाला. मागील बाकी व युद्धाचा खर्च मिळून तीन कोट रुपये निजामानें द्यावयाचे ठरले. भोसल्यांचें येणें निराळें. आणि ज्यानें नानांचा अपमान केला होता तो मशीरुल्मुल्क ओलीस म्हणून मराठ्यांच्या स्वाधीन झाला. पुण्यांत उत्सव झाला यांत आश्चर्य नाहीं. परंतु वीस वर्षांचा तरुण पेशवा त्या दिवसांत खिन्न दिसला, आणि नानांनीं कारण विचारतां, एका बाजूची ही नामुष्की व दुसऱ्या बाजूची श्रमावांचून मिळालेल्या जयाबद्दलची ही बढाई पाहून वाईट वाटतें, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें, असें ग्रँट डफ सांगतो. त्या मुलाला राज्यकारभाराचा अनुभव नव्हता. पण त्याची शंका खोटी ठरली नाहीं.

खर्ड्याच्या मैदानावर रेमंडच्या पलटणींनीं फ्रान्सच्या क्रांतीचें तिरंगी निशाण लाविलें होतें. त्या निशाणाच्या मागोमाग आपण क्षणभर पॅरिसला जाऊं, कारण त्याच वसंतांत तेथें काय चाललें होतें तें पाहिलें म्हणजे पुण्याची कथा अधिक स्पष्ट होते.

फ्रान्सच्या क्रांतिकारक सरकारनें १७८९ च्या डिसेंबरांत चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर असिन्या नांवाच्या कागदी नोटा काढल्या. प्रथम चाळीस कोट लिव्हरांच्या, आणि व्याज देणाऱ्या. तारण खरें होतें. कल्पनाही वाईट नव्हती. पण पुढें युद्ध आलें. १७९३ मध्यें इंग्लंड युद्धांत उतरलें, त्याच्या आरमारानें फ्रान्सचीं बंदरें अडविलीं आणि तटस्थ राष्ट्रांच्या गलबतांतून फ्रान्सला जाणारें धान्यही धरण्याचा हुकूम काढला. शत्रूचें नाणें नासावें म्हणून इंग्लंडांत खोट्या असिन्या छापल्या गेल्या, हेंही प्रसिद्ध आहे. परंतु शत्रूनें छापल्या त्याहून कितीतरी अधिक खुद्द फ्रेंच सरकारनें छापल्या. युद्धाचा खर्च भागेना, कर वसूल होईनात. यंत्र मात्र रात्रंदिवस चालूं शके. भाव कायद्यानें बांधून पाहिले. १७९४ च्या डिसेंबरांत ते बंधन उठविलें आणि कागदाची किंमत दरडीसारखी कोसळली. त्या हिंवाळ्यांत सीन नदी गोठली. शेतकरी कागद घेऊन धान्य देईना. भाकरीचें रेशन उतरत उतरत मे महिन्यांत काहीं दिवस माणशीं दोन औंसांवर आलें. १ एप्रिल आणि २० मे १७९५ या दोन दिवशीं उपाशी लोकांचे जमाव, त्यांत स्त्रियांचा मोठा भरणा, भाकरी मागत कायदेमंडळांत घुसले. दुसऱ्या वेळीं फेरो नांवाच्या सभासदाची हत्या झाली. सरकारनें सैन्य आणून शहर दाबलें. पुढील वर्षीं, १९ फेब्रुवारी १७९६ रोजीं, नोटा छापण्याचीं यंत्रें व ठसे भर चौकांत फोडण्यांत आले. तोंवर त्या नोटेची किंमत मूळच्या शंभराव्या हिश्शाइतकीही उरली नव्हती. पॅरिसमध्यें ज्या दिवशीं लोक भाकरीसाठीं कायदेमंडळांत शिरले, त्याच्या अवघ्या तीन आठवडे आधीं खर्ड्यास मराठे जिंकले होते.

श्रोते म्हणतील, पुण्याला याच्याशीं काय करावयाचें? पुण्याचा रुपया तर चांदीचा होता. हें खरें. परंतु खर्ड्यास मराठ्यांनीं जें जिंकलें, तें काय होतें? तीन कोट रुपयांचा वायदा. तोही कागदच. त्या वायद्याच्या भरंवशावर सरदारांच्या अपेक्षा वाढल्या, फौजा पुण्याभोंवतीं रेंगाळल्या, आणि ज्याला त्याला आपला वांटा दिसूं लागला. तिकडे निजामाच्या राज्यांतही स्वास्थ्य राहिलें नाहीं. हार आणि कर्ज यांनीं असंतुष्ट झालेल्या लोकांना हाताशीं धरून निजामाचा मुलगा अलीजाह यानें त्याच वर्षाच्या जून महिन्यांत बंड केलें. रेमंडनें तें मोडलें आणि अलीजाहनें विष घेऊन प्राण दिला.

यानंतर पुण्यावर आकाश कोसळलें. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून खालीं पडले आणि २७ तारखेस वारले. वारस नव्हता. गादीवर कोणी बसावें, यासाठीं सव्वा वर्ष जो खेळ चालला त्याचीं सर्व वळणें सांगत बसलों तर वेळ पुरणार नाहीं. त्यांतील एकच धागा आपणांस हवा आहे, तो पैशाचा. ज्याला गादी हवी होती तो शिंद्यांच्या फौजेला पैसा कबूल करी. ज्याला ती रोखावयाची होती तो त्याहून अधिक कबूल करी. पैसा कोणाजवळच नव्हता. कबुल्या मात्र सर्वांजवळ होत्या. नाना फडणीस तर महाडास जाऊन बसले असतां इतके अडचणींत आले कीं, ८ ऑक्टोबर १७९६ च्या करारानें त्यांनीं निजामाच्या पाठिंब्याच्या मोबदल्यांत खर्ड्यास मिळालेला मुलूख परत देण्याचें आणि राहिलेली रक्कम सोडण्याचें मान्य केलें. ज्या हिशोबासाठीं नानांनीं लाखाची फौज उभी केली, तो हिशोब त्यांनीं स्वतःच्या हातांनीं खोडला. या करारावर पुढें बरीच ओढाताण झाली. पण खर्ड्याची मोठी कमाई मराठ्यांच्या हातीं टिकली नाहीं, ही गोष्ट कायम राहिली.

१७९६ च्या डिसेंबरांत दुसरे बाजीराव पेशवे झाले. त्यांनीं दौलतराव शिंद्यांना दोन कोट रुपये कबूल केले होते. शिंद्यांची अवस्थाही पेशव्यांहून निराळी नव्हती. महादजींच्या वेळच्या कवायती पलटणी, तोफखाना, हजारों घोडेस्वार हें सर्व लष्कर त्यांना पुण्यास पोसावयाचें होतें आणि त्यांचा मूळ वसूल उत्तर हिंदुस्थानांत. फौज निघून जावी तर पगार दिला पाहिजे. पगार द्यावा तर पेशव्यांनीं वचन पाळलें पाहिजे. पेशव्यांची तिजोरी तर रिकामी. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना फडणीसांस शिंद्यांच्या छावणींत कैद करण्यांत आलें. नंतर शिंद्यांनीं दोन कोटांचा तगादा लावला, तेव्हां पेशव्यांनीं त्यांना मार्ग दाखविला: पुण्यांत नानांच्या पक्षाचे श्रीमंत लोक आहेत, त्यांच्याकडून वसूल करा. हें काम कागलचे सखारामराव घाटगे, म्हणजेच सर्जेराव, यांच्याकडे आलें. त्यांची कन्या बायजाबाई याच सुमारास दौलतरावांस दिली होती.

१७९८ च्या उन्हाळ्यांतील ते दिवस पुणें शहर पिढ्यान् पिढ्या विसरलें नाहीं. नानांच्या पक्षाचे माजी कारभारी धरून आणले, फटके मारले आणि धन कोठें आहे तें वदविलें. सावकार व व्यापारी यांचीही गय झाली नाहीं. नानांचे आप्त गंगाधरपंत भानू यांस तापलेल्या तोफेवर बांधलें आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. हे अत्याचार केवळ एका क्रूर माणसाच्या स्वभावाचे फळ नव्हते. सर्जेराव क्रूर होता, यांत संशय नाहीं; पण त्याला शहरावर सोडणारी निकड निराळी होती. सरकारच्या शब्दावर कोणी पैसा उसना देईना, म्हणून तो मारून घेण्याची पाळी आली. ज्या सावकारांच्या विश्वासावर वराता चालत होत्या, त्यांच्याच घरावर हा घाला पडला. पॅरिसच्या सरकारनें आपला शब्द यंत्रावर अमर्याद छापून निकामी केला; पुण्याच्या सरकारनें तो मागेल त्याला देऊन निकामी केला. दोन्ही ठिकाणीं शेवटीं शिपायाच्या हातीं शहर गेलें.

पुढील घटना ओळीनें आल्या. महादजींच्या विधवांचा दौलतरावांशीं उघड तंटा झाला आणि त्यांच्या पक्षाच्या स्वारांनीं पुण्याभोंवतालचा मुलूख लुटला. नाना कैदेंत होते ते आमच्याच नगरच्या किल्ल्यांत; हा किल्ला पेशव्यांनीं आधींच शिंद्यांस देऊन टाकला होता. त्यांस सोडलें तेंही पैसा घेऊनच. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. तिकडे निजामानें खर्ड्याचा धडा निराळ्या रीतीनें गिरविला. मराठ्यांपासून संरक्षण हवें म्हणून त्यानें १ सप्टेंबर १७९८ रोजीं इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, आणि त्याच ऑक्टोबरांत रेमंडनें उभ्या केलेल्या पलटणींचीं हत्यारें इंग्रजांनीं काढून घेतलीं. चार वर्षांनीं, २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, यशवंतराव होळकरांनीं हडपसरानजीक पेशवे व शिंदे यांचा पराभव केला आणि पुण्यावर पुन्हां पैशाची वसुली बसली. ३१ डिसेंबरला बाजीरावांनीं वसईस तह करून स्वतःही तैनाती फौज घेतली. १२ ऑगस्ट १८०३ रोजीं नगरचा किल्ला वेलस्लीच्या हातीं गेला. फौजांच्या धुमाकुळांत पाऊसही चुकला आणि १८०३-०४ चा दुष्काळ या जिल्ह्यावर कोसळला. खर्ड्याच्या परिसरांतील ज्या शेतकऱ्यानें आठ वर्षांपूर्वीं मराठ्यांचा जय डोळ्यांनीं पाहिला होता, त्याच्या पदरांत त्या जयाचें हें फळ पडलें.

येथें एक न्याय्य आक्षेप येईल. इंग्लंडचेंही सरकार त्याच युद्धांत अडचणींत आलें होतें. फेब्रुवारी १७९७ मध्यें बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदली सोनें देण्याचें बंद करावें लागलें, आणि हें बंधन १८२१ पर्यंत राहिलें. मग इंग्लंडांत पॅरिससारखा अनर्थ कां झाला नाहीं? माझ्या मतें याचें उत्तर सोन्याच्या साठ्यांत शोधूं नये. तेथें कर बसविणारी पार्लमेंट होती, कर्जाचें व्याज ठरल्या दिवशीं मिळत होतें, आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनीं स्वतः पुढें येऊन बँकेच्या नोटा घेण्याचें जाहीर केलें. जो व्यापारी आपलें घर सरकारच्या शिपायापासून सुरक्षित आहे असें जाणतो, तोच सरकारचा कागद हातीं धरतो. सर्जेरावानंतर पुण्यांतील कोणत्या व्यापाऱ्याकडून ही अपेक्षा करावी? पुढें बाजीरावांनीं मामलती लिलावानें देण्याचा प्रघात वाढविला. जो अधिक बोली बोले त्याला महाल मिळे आणि तो ती रक्कम रयतेकडून काढी. १८१८ त राज्य गेलें, तेव्हां इंग्रजी अंमलदारांनीं या लिलावांची हकीकत सविस्तर लिहून ठेविली आहे. सबंध हिंदुस्थानच्या इंग्रजी मुलखासाठीं एकाच वजनाचा रुपया ठरला तो १८३५ सालीं. तोंवर अंकुशी व चांदवडी आपला बट्टा घेऊन चालतच होते.

निर्बंधांविषयींही या इतिहासांतून एक बोध निघतो. बाहेरून पडलेल्या वेढ्यानें राज्य वांकतें, हें खर्ड्यास दिसलें. पण त्याचा भार कोणावर पडतो, हें राज्यकर्ते ठरवितात. आपल्या हयातींत, १९९० सालीं, संयुक्त राष्ट्रसंघानें इराकवर असे निर्बंध घातले. तेथील दिनार कोसळला. शिक्षकांचा महिन्याचा पगार काहीं थोड्या डॉलरांइतका उरला, आणि लोकांनीं घरांतील सामान व पुस्तकें बाजारांत आणून विकलीं. राजवट मात्र पुढें तेरा वर्षें टिकली. नाकेबंदी ज्याच्यावर रोखलेली असते, तो किल्ल्याच्या आंतल्या खोलींत असतो. तहान आधीं लागते ती तटाजवळच्या माणसाला.

नाणें म्हटलें कीं आपण धातूचा किंवा कागदाचा तुकडा डोळ्यांपुढें आणतों. वस्तुतः तो तुकडा म्हणजे एक वचन असतें. घरांतील गृहिणी महिन्याच्या आरंभीं पैसे डब्यांत ठेविते, तेव्हां महिन्याच्या अखेरीस त्यांत तितकेंच धान्य येईल असा तिचा राज्यावर विश्वास असतो. असंतोषाचा आरंभ हा विश्वास तुटण्यांत आहे. सभा, दंगे आणि बंडें हीं त्यानंतर येतात. खर्ड्यास गेलांत तर किल्ल्याचा तट अवश्य पाहा, पटवर्धनांच्या शौर्याची आठवण काढा. त्याबरोबरच गोविंदराव काळ्यांच्या त्या हिशोबाचीही आठवण काढावी. दोन कोट साठ लक्षांची ती बाकी तलवारीनें जिंकतां आली. परंतु जिंकलेलें राखण्यासाठीं जें कुळाशीं, शिपायाशीं आणि सावकाराशीं दिलेला शब्द पाळणारें सरकार लागतें, तें पुण्यास उरलें नव्हतें.